यमुनाताईंची काळी स्क्रीन

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारची भांडी आवरत असताना यमुनाताईंच्या भाचीचा, कविताचा, फोन आला. "मावशी, आत्या गेली... सकाळी चहा घेतला, जरा टेकली, आणि झालं." मी बदलापूरहून मोरिवलीला त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. त्यात, आम्ही दोघी नोकरीला होतो त्या कारखान्यात पूर्वी माल न्यायला येणारे चार म्हातारे लॉरी ड्रायव्हरही होते. एका निवृत्त क्लार्कबाईसाठी ड्रायव्हर येतात, याचं शेजारच्या मुलीला नवल वाटलं. "या कोण होत्या तिथे?" तिनं मला हळूच विचारलं. तेव्हा त्या गर्दीत सांगणं राहून गेलं. आज सांगते.

ऐंशीच्या दशकात त्यांच्या वडिलांची भातशेती कारखान्यासाठी गेली आणि घरातल्या एकाला नोकरी मिळाली. भाऊ लहान, म्हणून यमुनाताई पॅकिंगला लागल्या. काही वर्षांतच डबे सील करणाऱ्या मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. कंपनीनं त्यांना ऑफिसात आणून फोनजवळ बसवलं... बसवून ठेवलं म्हणणं जास्त खरं. मी तेव्हा कॉम्प्युटर विभागात नवीनच होते. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या मागे उभ्या राहून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "बाय, मना शिकव. डावा हात हाय ना अजून!" शिकवायला मी घेतलं खरं, पण वर्षभरात डिस्पॅचची, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालाची, सगळी चलनं त्यांच्याकडे गेली आणि अडलं की मीच त्यांना विचारायला जाऊ लागले. तेव्हाची मशिनं डॉसवर चालायची. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस नाही, सगळं कीबोर्डवरून. त्यांचा डावा हात त्या बटणांवरून असा फिरायचा, की बघत राहावं. लॉरी वजनकाट्यावरून उतरेपर्यंत तिचं चलन छापून तयार असायचं.

मग नव्वदच्या दशकात विंडोज आलं. मला ते पाहताक्षणी आवडलं, अजूनही आवडतं. एका वेळी चार कामं उघडी ठेवा, चित्रावर क्लिक करा, पाठ काही करायला नको. सगळ्या मशिनांवर एकच पद्धत असावी, असं पत्र मीच लिहिलं आणि आमचे मॅनेजर प्रधानसाहेब यांच्याकडून त्यावर सही घेतली. एका रविवारी मशिनं बदलली, जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. कुणाची अडचण होईल, असं माझ्या मनातही आलं नाही.

सोमवारी यमुनाताईंचा तोच डावा हात माउसवरून कीबोर्डवर, कीबोर्डवरून पुन्हा माउसवर धावत होता. उजव्या करंगळीनं माउस धरायला गेल्या, तो घरंगळून खाली पडला. अकरा वाजता लॉऱ्यांची रांग गेटबाहेर गेली, हॉर्न सुरू झाले. प्रधानसाहेब खाली आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "यमुनाबाईंना परत फोनवर घ्या. प्रत्येकाच्या सोयीनं वेगळं मशीन कसं ठेवणार?" हे ताईंच्या समोरच. त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

"बाय, बदलण्याआधी मना इचारलंस का तू?"

"ताई, पण नवीन खरंच चांगलं आहे..."

"चांगलं हाय. तुला चांगलं. मना माजी काली स्क्रीन बरी. दोगींनी आपापलं घेतलं तर कुनाचं काय जातंय?"

त्यांनी माझ्या टेबलावरचं डॉसचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल उचललं आणि फोनच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली बाई. मांडीवर शब्दकोश घेऊन सलग चार दिवस, डबा एका हातानं खात, वाचत होत्या. शुक्रवारी माझ्यासमोर एक कागद ठेवला. डाव्या हातानं लिहिलेल्या दहाबारा तिरक्या ओळी. मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यातच जुनी सिस्टीम की नवी, अशी निवड लिहिता येते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. हे मॅन्युअल माझ्याकडे दोन वर्षं पडून होतं!

कपाटातल्या फ्लॉप्यांवरून मी जुना प्रोग्रॅम परत चढवला. सुदैवानं चलनांची फाइल दोन्हीकडून उघडत होती. मशीन सुरू केलं आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत दोन ओळी आल्या. एक, जुनी. दोन, नवी. अर्ध्या मिनिटात काही दाबलं नाही तर आपोआप नवी सुरू होईल, अशी सोय करू का, म्हणून मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "मानूस दाबल तवर थांबू दे."

पुढच्या सोमवारी प्रधानसाहेबांना मी मुद्दाम खाली बोलावलं. ताईंनी एक दाबलं. साडेदहापर्यंत गेटवर एकही लॉरी उरली नाही. उल्हासनगरचा एक सिंधी ड्रायव्हर चलन हातात घेऊन ओरडला, "अरे, दीदी वापस आ गई क्या?" आणि सगळे हसले, साहेबसुद्धा. जाता जाता ते मला म्हणाले, "बाकीच्या मशिनांवर पण टाका हे. आणि कुणी काय निवडायचं, ते तुम्ही ठरवू नका."

मग गंमतच झाली. विंडोजचं सगळ्यात जास्त कौतुक करणारे स्टोअरचे गोडबोले गुपचूप एक दाबायला लागले. पॅकिंगचे म्हातारे सुपरवायझर मात्र दोन दाबायचे. आणि दिवाळीनंतर एकदा पाहते, तर यमुनाताईंच्या मशीनवर विंडोज! मी टाळी वाजवली, तशा त्या लाजून हसल्या. नव्या सिस्टीममध्ये मराठी अक्षरं मिळत होती, म्हणून त्या हळूहळू एकेक अक्षर निवडत पॅकिंगसाठी पाटी करत होत्या, 'मशीन बंद केल्याशिवाय हात घालू नका'. तोवरची सूचना इंग्रजीत होती... पाटी छापून झाली, मशीन बंद केलं, परत सुरू केलं आणि चलनांसाठी एक दाबलं.

परवा कविताकडे गेले होते. ताईंची खोली तिनं तशीच ठेवली आहे. कॉम्प्युटरचं टेबल उजव्या भिंतीला पार चिकटवलेलं, कीबोर्ड डावीकडे सरकवलेला. मी त्या खुर्चीत बसले. माझा उजवा हात सवयीनं पुढे गेला आणि भिंतीला लागला. तिथे त्याला जागाच नव्हती. मग तो मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. या लेखाचं पहिलं वाक्य तिथे लिहिलं. कविता दोनदा चहाला बोलावून गेली, तरी मला उठवेना.