सुतकातलं प्रवचन

शेजारच्या सुमनताईंचा तरुण मुलगा अपघातात गेला, तेव्हापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात समोर गार होत होता. तेवढ्यात गल्लीतले प्रवचनकार अण्णा भेटायला आले आणि बसल्या बसल्या सुरू झाले, "ताई, आत्मा मरत नसतो. शोक कुणाचा करायचा?"

दुसऱ्याच्या घरात वैराग्य फार सोपं असतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुमनताई म्हणाल्या, "आत्मा मी कधी पाहिला नाही हो, अण्णा. न्हाऊ-माखू घातलं ते त्या देहालाच."

अण्णांनी ताट उचलून पुढे धरलं. "दोन घास खा, बाई."

शास्त्राच्या आधाराशिवाय त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईंनी तोंड फिरवलं. अण्णा ताट तसंच धरून बसून राहिले.