सुईवाल्या बाईंचा शब्द

सुईवाल्या बाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. लसींची निळी पेटी वर्षानुवर्षं त्याच खांद्यावर. सरकारी नर्स, आमच्यासारख्याच ग्वाल्हेरच्या मराठी, पण गोरखी महालामागच्या आमच्या गल्लीत त्या दिसल्या की पोरं "भागो, सुईवाली!" करत पळायची.

सुनेशी त्या नंतर बोलायच्या, आधी सासूच्या गुडघ्यांची चौकशी. "सून हो म्हणते नि सासू कडी लावते. म्हणून कडीपाशी कोण बसलंय ते आधी बघावं." लस टोचली की अर्धा तास पायरीवर बसून राहायच्या. "बुखार आएगा. हमें गाली देना, पर अगली बार आना." मजुरीला जाणाऱ्या बायका कुरकुरायच्या, बच्चा रोता रहा, हमारी दिहाड़ी गई. बाई वाद घालत नसत. पुढच्या खेपेला त्या बायका कामावर निघायच्या आत, सकाळी सातलाच येत.

कडी आमच्याही घरात होती. माझा धाकटा भाऊ लहानपणी इंजेक्शननंतर चार दिवसांनी तापानं गेला. कसलं इंजेक्शन, कुणालाच ठाऊक नाही. पण आईनं सुईचं नाव टाकलं ते टाकलंच. मी शिकलेला, बँकेत नोकरीला, आणि आईसमोर तोंड उघडत नव्हतो. मुलीला गोवराची लस टोचायला गुपचूप केंद्रावर नेलं. बाईंना म्हटलं, हे कुणाला कळता कामा नये.

कार्ड लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "नाही सांगणार, भाऊसाहेब. शब्द देते. पण गल्ली तुमच्या दाराकडे बघते, एवढं ध्यानात असू द्या."

त्या थंडीत पलीकडच्या गल्लीतलं एक मूल लशीनंतर तापानं फणफणलं, अफवा उठल्या आणि आमच्या गल्लीनंही लस बंद केली. आमच्या समोरची रजनी आपल्या गोलूला कडेवर घेऊन ओट्याशी आली. गोलू माझ्या मुलीच्याच वयाचा. आई खुर्चीवर बसलेली, बाई पेटी घेऊन उभ्या.

"भैयाजी, सच बताना. आपने बिटिया को खसरे का टीका लगवाया?"

"अभी कहाँ," मी म्हणालो. "देखेंगे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

"दीदी, जब भैयाजी लगवाएँगे, तब हम भी," म्हणत रजनी गोलूला घेऊन घरी गेली.

फाल्गुनात गोवर आला. दारोदारी 'माता आई', देवी आली म्हणून कडुलिंबाचे डहाळे लागले. गोलूचा गोवर छातीत उतरला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हाही मी गप्पच होतो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप घ्यायला आल्या. तोवर आई गेली होती. मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण बोलले असते, तर पुन्हा एकही सून लपून माझ्याकडे आली नसती. रोज स्वतःची अशी समजूत घालते. पटत नाही. तुम्ही तुमचं बघा, भाऊसाहेब."

गेल्या महिन्यात त्या वारल्याचं कळलं. त्याच दुपारी मी समोर रजनीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. हात थांबला नाही.

"हमें मालूम है, भैयाजी. दीदी ने नहीं बताया. उस साल गली में गोलू की उमर के सब बच्चों को माता आई थी. एक आपकी बिटिया को नहीं आई."

मग म्हणाली, "बैठो. चाय पिओगे?"

नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.