दोघांत एक शेरवानी

अण्णांच्या धाकट्या मुलाने परवा मला विचारलं, "काका, आमचे बाबा नोकरी जाईल म्हणून एवढे भीत होते का हो?" मी विषय बदलला. तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आता लिहितो.

निजामाच्या राजवटीत हिंगोलीतल्या एका कचेरीत अण्णा आणि मी कारकून होतो. अण्णा मला दहा वर्षांनी थोरले. उर्दूत अर्ज लिहायला त्यांनीच मला शिकवलं. साहेबांसमोर जायचं तर गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी हवी, असा सक्त नियम होता. एकट्याच्या पगारात ती शिवणं जमेना, म्हणून आम्ही दोघांत एक काळी शेरवानी शिवली. आतून हाक आली की ज्याला बोलावलं तो ती चढवायचा. अण्णांना ती पोटावर ताणायची. "सावकाश जेवत जा," मी म्हणायचो. "तूच थोडं जास्ती जेव," ते म्हणायचे, "दोघांनाबी ताणली की शिंप्याचीच चूक ठरंल."

माझं हट्टा गावी मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा अण्णांनीच शेरवानी माझ्या हातात दिली. "उद्या सकाळच्या गाडीनं ये, म्हंजे झालं."

हट्ट्यात लोक मला साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी निघताना मुलीचे वडील म्हणाले, "साहेब, उपाशी जाता का? आमाला बरं न्हाई वाटणार." मी थांबलो. पुरणपोळी जेवलो. थांबलो तर गाडी जाणार, हे मला ठाऊक होतं.

त्याच सकाळी आखाडा बाळापूरहून अण्णांचा मेहुणा कचेरीत आला होता. अण्णांची सात वर्षांची मुलगी आजोळी तापाने फणफणली होती, बाबांना बोलवा म्हणत होती. अण्णा सदऱ्यावरच रजा मागायला आत गेले. शेरवानी नाही म्हणून साहेबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. कुणाची मागून घालावी, तर दुसरे दोघे कारकून दौऱ्यावर होते. न विचारता गेलं तर नोकरी जाणार. एकदा ताकीद मिळालेलीच होती. अण्णा माझी वाट बघत पायरीवर बसले. बाळापूरची दुपारची मोटार निघून गेली.

मी दिवस कलताना पोचलो. "गाडी चुकली," म्हणालो. त्यांनी माझ्याकडून शेरवानी घेऊन अंगात चढवली. गुंड्या लावल्या, रजा घेतली आणि बैलगाडीने निघाले. ते पोचायच्या आधीच मुलगी गेली.

दहाव्याला मी गेलो. वहिनी सगळ्यांदेखत अण्णांना म्हणाल्या, "काहून थांबलात तुमी? साहेब मोठा का लेकरू?" अण्णा उठून बाहेर गेले.

त्यांच्या मागोमाग बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मी सांगतो वहिनींना."

"न्हाई," ते म्हणाले. "शेरवानी हट्ट्याला होती म्हणलं की लोक त्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतील. तुझं लग्न मोडंल. तिचा काय गुन्हा? आन् गाडी चुकली, त्याला तू तरी काय करणार?"

गाडी चुकली नव्हती, मी चुकवली होती, हे तेव्हाही मी सांगितलं नाही. त्याच मुलीशी माझं लग्न झालं. अण्णांनी अक्षता टाकल्या. वहिनी आल्या नाहीत. त्या पुढे बावीस वर्षं जगल्या आणि अण्णांशी कामापुरतंच बोलल्या.

बाळा, तुझे बाबा भित्रे नव्हते. ते माझी वाट बघत होते, आणि मी दुसऱ्यांदा वाढलेली पोळी खात होतो.