आर्लीननं बंद केलेलं झाकण

आर्लीन होर्वाथच्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर सत्तावन्न वर्षं दहा मिनिटं झकास चालायचा आणि अकराव्या मिनिटाला मान टाकायचा. आधी आवाज खाली यायचा, मग जळक्या रबराचा वास सुटायचा, यंत्राच्या तोंडावरचा दिवा मिणमिणायचा आणि यंत्र गप्प. अर्धा तास थांबलं की परत सुरू. त्या अर्ध्या तासात आर्लीन कॉफी प्यायची आणि ओपल मेबरीचा उद्धार करायची. ओपल चार घरं सोडून राहते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या, आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून आर्लीननं आवाज कधी लहान केला नाही.

ओपलचा गुन्हा समजायचा तर कारखान्यापासून सुरुवात करावी लागते. गावात कारखाना एकच होता, व्हॅक्यूम क्लीनरचा, आणि आर्लीननं तिथं एकोणतीस वर्षं काढली. तिचं काम रांगेच्या शेवटी. मोटार, पंखा, तारा सगळं बसवून यंत्र तिच्यापुढं यायचं. ती वर अ‍ॅल्युमिनियमचं झाकण ठेवायची, चार स्क्रू आवळायची आणि पुढं ढकलायची. ओपलचं काम मोटारीच्या वाइंडिंगचं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून आलेली, कमी बोलणारी पोरगी, पण तांब्याची तार अशी गुंडाळायची की फोरमन नव्या मुलींना तिच्या टेबलापाशी नुसतं उभं करायचा. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या.

रांगेत एक रीत होती. एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की तिच्यासाठी एक यंत्र वेगळं निघायचं. प्रत्येक मुलगी आपापलं काम त्याच्यावर जीव ओतून करायची आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नाव लिहायची. शेवटी झाकण लावायचं ते सगळ्यांच्या देखत. सहासष्ट साली आर्लीनचं असं यंत्र निघालं, आणि नवरीच झाकण लावणारी म्हणून शेवटचे चार स्क्रूही तिनंच आवळले. नवरा मुलगा वॉल्ट. आता अडचण एवढीच, की हाच वॉल्ट त्याआधी वर्षभर ओपलबरोबर नाचायला जात होता.

यंत्र अकराव्या मिनिटाला बंद पडलं तेव्हा आर्लीनला कारण शोधावं लागलं नाही. मोटार तापते म्हणजे वाइंडिंग खराब. वाइंडिंग केली कुणी? ओपलनं. अशी का केली? हे काय सांगायला हवं? जेवणाच्या सुट्टीत तिनं हे एकीला सांगितलं, आठवड्याभरात साऱ्या रांगेला ठाऊक झालं. ओपलच्या टेबलाशी कुणी बसेना. वर्षभरानं ओपलनं स्वतःच बदली मागून घेतली आणि पुढची तेवीस वर्षं खोकी चिकटवली. तिनं लग्नही केलं नाही. "मन खात असेल," असं आर्लीन म्हणायची, आणि तिला ते खरंच वाटायचं.

यंत्र उघडून का बघितलं नाही, असं कुणी विचारलं तर तो कारखान्यातला माणूस नव्हे. कारखान्यात उघडलेलं यंत्र म्हणजे लाल चिठ्ठी लागलेलं यंत्र, आणि ती चिठ्ठी झाकण लावणारीच्या नावावर चढायची. एकोणतीस वर्षांत आर्लीनच्या नावावर तीन लाल चिठ्ठ्या होत्या आणि त्या तिन्हींची कुळकथा ती अजून सांगते. आपण लावलेलं झाकण आपल्याच हातानं उघडायचं म्हणजे आपणच आपल्यावर तक्रार नोंदवायची. घरात काही बिघडलं की "मी बघतो" म्हणणारा वॉल्ट होताच. तो पट्टा बदलायचा, प्लग बदलायचा, आणि मग म्हणायचा, "मोटारीचं मला काही कळत नाही बुवा."

या जूनमध्ये मुलगी डेनीसनं निकाल लावला. ती दर रविवारी येऊन आईबापांच्या घरातल्या वस्तूंकडे कसाई गाईकडे बघतो तशी बघते. "मॉम, गुरुवारी अवजड कचऱ्याची गाडी येणार आहे. हा डबा मी रस्त्यावर ठेवणार."

"ठेव. पण आधी मी ती मोटार काढून घेणार."

"मोटार? कशाला?"

"ओपल मेबरीच्या पोर्चवर नेऊन ठेवणार. सत्तावन्न वर्षं लोकांना नुसतं तोंडानं सांगतेय, मरायच्या आधी एकदा पुरावा दाखवते."

"तू एकोणऐंशी वर्षांची आहेस, मॉम."

"म्हणून तर म्हणते, वेळ कमी आहे."

बुधवारी सकाळी नऊ वाजता तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि यंत्र आडवं घातलं. साडेनऊपर्यंत पहिला स्क्रू जागचा हलला नव्हता. तिनं तेल सोडलं, ठोकलं, शेकलं, जुन्या माणसांकडून ऐकलेल्या हंगेरियन भाषेत येत होत्या तेवढ्या चारही शिव्या देऊन झाल्या. दुसऱ्या स्क्रूची खाच गुळगुळीत झाली. वॉल्ट बाहेरच्या खोलीत खुर्ची मागं टाकून कालच्या बेसबॉल सामन्याचं पुनःप्रक्षेपण बघत होता, जणू या खेपेला निकाल बदलणार होता.

"काय करतेयस गं आत?"

"नाचतेय."

"सोडून दे ते. डेनीस नवीन आणून देतेय ना, आपोआप फिरणारा."

"आपोआप फिरणारा एक आहे घरात. तोही बाराच्या ठोक्याला फ्रिजपाशी येऊन थांबतो."

मोटारीला बाजूनं टेकणाऱ्या कार्बनच्या तुकड्याची स्प्रिंग उडाली आणि शेगडीखाली गेली. तिच्यासाठी आर्लीन गुडघ्यांवर बसली, आणि एकदा बसल्यावर उठणं हे वेगळं काम होऊन बसलं. झाडूच्या दांड्यानं खरवडल्यावर स्प्रिंग आली, सोबत वाटाण्याचे तीन दाणे आणि गेल्या नाताळातलं एक अक्रोड. इतका संताप झाला होता, की आता मोटार काळीठिक्कर निघाली नसती तर तिनं ती स्वतः भाजली असती. साडेअकराला तिसरा स्क्रू निघाला. डावीकडचा मागचा, चौथा, मात्र हलेना. तो मुळात सरळ बसलेलाच नव्हता, वाकडा घुसला होता. शेवटी तिनं त्याचं डोकं कानशीनं घासून काढलं आणि झाकण उचललं.

आधी दिसली ती नावं. अकरा जणींची. त्यातल्या नऊ जणी आता सेंट स्टीफन चर्चच्या मागच्या कबरस्तानात होत्या. ओपलची अक्षरं बारीक आणि सरळ: "ओपल. वाइंडिंग दोनदा तपासली." आर्लीननं नाक मुरडलं. तपासली म्हणे. उजेड नीट यावा म्हणून तिनं दिवा खाली ओढला आणि चष्मा नाकावर चढवून मोटारीत डोकं घातलं.

तांब्याला साधा डागसुद्धा नव्हता. तार तारेला लागून, एकसारखी, वरचा लाखेचा थर अजून पिवळा चमकत होता. तिनं मोटार फिरवून चारी बाजूंनी पाहिली. जळकेपणाचा शोध घेत घेत तिचं बोट डावीकडे मागं गेलं, जिथं तो वाकडा स्क्रू होता. तिथं बटणाकडून येणारी तार झाकणाच्या काठाखाली सापडून नूडलसारखी चपटी झाली होती. आतले सगळे धागे तुटून तीन-चारच उरले होते. त्या तीन-चार धाग्यांवरून सत्तावन्न वर्षं सगळी वीज जात होती, दहा मिनिटांत ती जागा तापत होती.

झाकणाच्या काठाखाली तार सापडणं. कारखान्यात शेंबड्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवायचे ते हेच: आधी तार आत सार, मग झाकण टेकव. ही चूक वाइंडिंगवालीला करताच येत नाही. ही करू शकते फक्त झाकण लावणारी.

आणि मग तिला टेप दिसली. चपट्या तारेवर काळी कापडी टेप गुंडाळलेली होती, सैल आणि गबाळी. कारखान्यात असली टेप कुणी हातात धरली नसती. या घरात मात्र बागेच्या पाइपला तीच होती, पत्रपेटीला तीच, आणि एकदा तर डेनीसच्या पहिल्या चष्म्यालाही तीच लावली होती.

तेवढा तारेचा तुकडा कापून घेऊन आर्लीन बाहेरच्या खोलीत गेली आणि टीव्हीसमोर उभी राहिली.

"बाजूला हो ना, आर्ली. सातवी इनिंग आहे."

"तू हे कधी उघडलं होतंस?"

वॉल्टनं तिच्या हातातली तार बघितली. मग त्यानं टीव्ही बंद केला. हे त्यानं आजवर आजारपणातही केलं नव्हतं.

"सदुसष्टच्या फेब्रुवारीत," तो म्हणाला. "तू माहेरी गेली होतीस तेव्हा."

"आणि बोलला नाहीस."

"काय बोलणार होतो? लग्नाला चार महिने झालेले. तू उठता बसता ओपल, ओपल. मी ओपलची बाजू घेतली असती तर तू काय समजली असतीस? मला या घरात राहायचं होतं."

"तिला टेबलावरून उठवलं, वॉल्ट. तेवीस वर्षं खोकी चिकटवली तिनं."

"मला वाटलं होतं विसरशील तू."

"मी काय विसरते कधी?"

"नाही," वॉल्ट म्हणाला. "ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं."

त्याला फाडून खायचं तिच्या मनात होतं आणि शब्दही तयार होते. पण प्रत्येक शब्द तोंडाशी आला की उलटा तिच्याकडेच बघत होता. वॉल्टनं सांगितलं नाही हे खरं; पण कारखानाभर सांगत वॉल्ट फिरला नव्हता. तिला लाज वाटली, इतकी की कान तापले. एप्रन तसाच, हात तेलानं काळे, ती दारातून बाहेर पडली.

ओपल पोर्चवर बसून घमेल्यात शेंगा निवडत होती. आर्लीन पायऱ्या चढली तरी तिनं मान वर केली नाही. शेजारी राहूनही आर्लीन त्या पायऱ्या पहिल्यांदाच चढत होती. तिनं तारेचा तुकडा ओपलच्या पुढ्यात धरला.

ओपलनं तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला. "डावीकडचा मागचा स्क्रू," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी समोरच उभी होते की. वाकडा गेला तो. तू एका हातानं स्क्रू मारत होतीस आणि दुसऱ्या हातानं मला अंगठी दाखवत होतीस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सगळ्या जणींच्या देखत? 'बघा, जळते मेली' म्हणाल्या असत्या. नंतर बोलले असते तरी तेच."

घरून निघताना तिनं माफीचं एक वाक्य जुळवलं होतं, चांगलं लांबलचक. ते कुठं गेलं कोण जाणे. "माझं चुकलं, ओपल," एवढंच ती म्हणाली. "मी फार वाईट वागले तुझ्याशी."

"वागलीस," ओपल म्हणाली. तिनं एक शेंग मोडली, दोर काढला. "मला लोकांचं काही नव्हतं गं. वॉल्टचं तर त्याहून नव्हतं. मला रोज वाटायचं, मैत्रीण आहे माझी, झाकण लावणारी आहे, आज ना उद्या एकदा उघडून बघेल. दोन वर्षं थांबले तशी. मग थांबायचं सोडलं."

रस्त्यावरून टपालाची गाडी गेली. आर्लीन वरच्या पायरीवर बसली. ओपलनं तिला बस म्हटलं नव्हतं, ऊठही म्हटलं नाही. थोड्या वेळानं आर्लीननं एप्रनला हात पुसले आणि घमेल्यातल्या मूठभर शेंगा उचलल्या.

"हात धू आधी," ओपल म्हणाली. "नळ मागं आहे."