गवळ्याच्या दारातली जीप

कुष्ठरोग्यांच्या घरच्यांना गाजावाजा न करता तपासायचं, हे पथकाला शिकवणारा मीच. आणि कुष्ठरोग खात्याचं नाव रंगवलेली जीप थेट गवळ्याच्या दारात उभी केली तीही मीच. त्याच्या आईच्या पाठीवर एक चट्टा होता, बस्स.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गिऱ्हाइकासमोर धार काढून पेल्यात ताजं दूध विकतात त्या कट्ट्यावर त्याच्या म्हशी उभ्या, पण पेला घ्यायला कुणी पुढं येईना. कालपर्यंत "फेस येऊ दे की रं!" म्हणून ओरडणारे मास्तर, वकील, पैलवान रस्त्यापलीकडून बघत होते. शिकलेली गल्ली म्हणे! त्यांच्यापेक्षा म्हशींना अक्कल जास्त.

"सायेब, जीप जरा लांब लावली असती तर?" गवळी म्हणाला. "आता हे दूध वतू कुठं?"

मी ऐटीत पेला भरून घेतला, "दुधानं हा रोग होत नाही!" असं सगळ्यांना ऐकवलं आणि गटागटा प्यालो. तरी कुणी हललं नाही.

घरी येऊन त्या भेकडांना शिव्या घालत मी मोरीत मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू लागलो. बायको दाराशी येऊन बघत राहिली.

"दुधानं होत न्हाई म्हणता, मग ह्या गुळण्या कशाला?" तिनं विचारलं आणि चरवी उचलली. "बसा खळखळत. मी कट्ट्यावरनं दूध घेऊन येते."