शेवटच्या सरीपर्यंत पाणी

१९ जून २०२४, बुधवार, सकाळी सव्वादहा. शहाद्याच्या दवाखान्यात मी माझ्या मुलीच्या, तेजूच्या, झटक्यांची वही तिसऱ्यांदा तपासत होतो. एकही वेळ चुकीची लिहिली जाऊ नये, ही धास्ती. त्या दिवशी डॉ. सुमनताईंची ओळख झाली. ताईंनी वहीचे पान न् पान वाचले. तोवर कुठल्या डॉक्टरने ती उघडलीही नव्हती.

तेजू दोन वर्षांची होऊनही बसत नव्हती. माझ्या आईने सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, कायमचे माहेरी धाडायचे ठरवले होते. तेजूच्या रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी आई ताईंना म्हणाली, "मन्ही सून गिऱ्हाणमा भाजी चिरत व्हती, म्हनीसन आसं झायं." ग्रहणात गरोदर बाईने काही चिरू नये, असे आमच्याकडे मानतात.

ताईंनी विचारले, "मावशी, तुमना वावरमा दोन मोटरी शेतस ना? एक बंद पडनी ते?"

"पानी चालस, पन शेवटना सरीले पोचत नही. पपई सुकी जास."

"मंग मोटर जळनी, हाऊ सूनना दोष का?"

"ते कसा? मोटर का ती चलावस?" आई हसली.

मग ताईंनी समजावले. प्रत्येकाला जनुकांच्या दोन प्रती मिळतात. तेजूच्या एका जनुकाची एक प्रत गळाली आहे. उरलेली चांगली आहे, पण तिच्यातून निम्मेच प्रथिन बनते आणि वाढत्या मेंदूला ते पुरत नाही. आम्हा दोघांच्या रक्तात हा दोष नाही. तो गर्भ राहतानाच आपोआप घडला. सुरेखा माहेरी गेली नाही.

पुढची चूक माझी. एक मोटर बंद असली की आम्ही दुसरी दुप्पट वेळ चालवतो. त्याच हिशेबाने मी तेजूला झटक्यांचे औषध दुप्पट पाजले. ती डोळे उघडेना. दवाखान्यात ताईंनी विचारताच, ठपका पुन्हा सुरेखावर येऊ नये म्हणून मी लगेच म्हणालो, "मीच दिलं."

तेजू शुद्धीवर आल्यावर ताई म्हणाल्या, "दादा, उदाहरण मी अर्धं सोडलं. औषधानं झटके आवरतात, मोटर दुरुस्त होत नाही. आता तू मला समजावून सांग." तेव्हापासून त्या प्रत्येक पालकाकडून सगळे परत वदवून घेतात. अक्कलकुव्याच्या शिबिरात एका आजोबांनी त्यांना तेच पावरी बोलीत चार वेळा सांगितले. ताईंनी चारही वेळा ऐकले.

दुसरी मोटर, म्हणजे गळालेली प्रत भरून देणारा उपचार, आज मिळत नाही. व्यायाम, औषध, वही मात्र आम्ही सोडणार नाही. तेजू आता बसते. आई गल्लीतल्या बायकांना मोटरीची गोष्ट सांगते, सुरेखाला शेजारी बसवून.

तेजू ताईंना पाहून "ता" म्हणते. साठीच्या ताईंना इतके निरोगी आयुष्य लाभो, की उरलेले अक्षर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावे.