गेल्या सालचं पाणी

"हा नारू आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझा दीर संभा चक्क हसला.

गुडघ्याच्या जरा खाली सुपारीएवढा फोड आला होता. आग आग व्हायची. बाभळीचा काटा आत मोडला असेल म्हणून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर नवीन होते, पोरसवदा. त्यांनी फोडावर गार पाण्याची धार धरली आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर डोकावलं. संभाचं हसू तिथंच थांबलं.

इंग्रजीत याला गिनी वर्म म्हणतात. म्हणजे कातडीखाली वाढणारी, दोऱ्यासारखी लांबच लांब अळी. टोक बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. तुटू द्यायचं नाही.

"किती दिवस लागतील?" संभानं विचारलं.

"ते तिच्या मर्जीवर," डॉक्टर म्हणाले.

संभाला वेळ नव्हता. त्या पावसाळ्यात साताऱ्याला फौजेची भरती होती. चुलता फौजेत, थोरला मामा फौजेत, आणि हा मिसरूड फुटल्यापासून रोज सकाळी कुंडलच्या रस्त्यानं पळायचा. पाय हीच त्याची इस्टेट.

मी त्या घरात नवी होते. वर्षापूर्वी, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, माझं लग्न झालं होतं. रोज मीच ओल्या फडक्यानं त्याचा पाय शेकायची आणि काडीला वेढा द्यायची. नखाएवढी अळी बाहेर यायची. संभा दात-ओठ खायचा आणि म्हणायचा, "वैनी, जरा जोरात वडा की. भरती काय माझ्यासाठी थांबतीय व्हय!"

मग आमच्या ह्यांच्या घोट्याला फोड आला. मग नणंदेच्या यजमानांना. सासूबाईंनी माझ्या धडधाकट पायांकडं पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हिचा पायच पांढरा हाय. घरात आली न् समद्यांचं पाय धरलं. हिला सवताला काय न्हाई झालं बघा!"

आमच्या भागात नारू फारसा कुणाला माहीत नव्हता. विहिरींना रहाट होते, पाणी वरून ओढायचो. त्यामुळं त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर पटायचं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर मात्र हट्टी निघाले. त्यांनी तालुक्याचा नकाशा भिंतीला लावला आणि ज्या घरात नारू निघाला त्या घरावर लाल शाईचं टिंब द्यायला सुरुवात केली. कुंडलात काही टिंबं, पलीकडच्या गावात एक, तासगावच्या वाटेला दोन. मेळ म्हणून लागेना. एका विहिरीभोवती टिंबं गोळा झाली असती तर ती विहीर धरता आली असती. इथं जो तो वेगळ्या विहिरीचं पाणी पिणारा.

एके दिवशी पट्टी बदलायला गेलो. बाकावर पाहते तर नणंदेचे यजमान, मामेसासरे, वाजंत्रीवाल्यांतला सनईवाला. सगळं आमचंच वऱ्हाड! फक्त मुंडावळ्या तेवढ्या नव्हत्या.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "घरात सगळ्यांना झाला. तुम्हाला कसा नाही झाला?"

मला वाटलं, हेही सासूबाईंचेच भाऊबंद. मी रडायलाच लागले. ते गडबडून गेले. "अहो, दोष देत नाही. नारू आत शिरल्यावर बाहेर यायला साधारण वर्ष लागतं. वर्षापूर्वी ही माणसं एकत्र कुठं पाणी प्याली होती का?"

मी रडायची थांबले. "माझ्या लग्नात," मी म्हटलं.

माझं माहेर जत तालुक्यात. तिथं नारू नवा नाही, पण तो वर्षापूर्वीच्या पाण्यातून येतो हे तिथंही कुणाला ठाऊक नव्हतं. गावाला पायऱ्यांची एकच विहीर. पाणी तळाला गेलं की लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायचे, आणि ज्याच्या पायाला नारू असायचा त्याला त्या गारव्यानं बरं वाटायचं. तिथंच अळी आपली अंडी सोडते. अंडी म्हणजे खरं तर सूक्ष्म पिल्लं, असं डॉक्टर म्हणाले. ती पिल्लं सायक्लॉप्स नावाचा किडा खातो. हा किडा डोळ्याला जेमतेम दिसतो. तो आपण पाण्याबरोबर गिळतो.

माझी आई शहाणी. तिला किडा-बिडा माहीत नव्हतं, पण जुन्या लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळल्याशिवाय ती पाणी भरायची नाही. लग्नातही माजघरातल्या आमच्या घागरीला तिनं पदर बांधला. मांडवातल्या रांजणांना बांधायला गेली तेव्हा माझ्या वडिलांनी हात धरला. "पाव्हण्यास्नी काय चिंध्यातनं पाणी पाजतीस? लोक नावं ठिवतील."

दुष्काळात वऱ्हाडाला पाणी कमी पडू नये म्हणून वडील स्वतः पायऱ्या चढत-उतरत होते. लोटकं रिकामं दिसलं की भरायचे. लोकांनी नावाजलं होतं त्यांना.

डॉक्टरांनी तो नकाशा उतरवून जिल्ह्याचा नवा नकाशा लावला. या वेळी घर नाही विचारलं. गेल्या उन्हाळ्यात कुठं पाणी प्यालात, ते विचारलं. सगळी टिंबं जाऊन एका जागी बसली.

माझी नात पुण्यात संगणकावर असेच नकाशे करते. कुठल्या नदीत कुठली घाण, कुठल्या गल्लीत कुठला आजार. मी तिला सांगते, बाई, माणूस आज कुठं राहतो ते नंतर विचार.

सासूबाईंनी माझ्या पायाचं नाव काढायचं सोडलं. मी जिंकले होते, पण आनंद कसला? दोष माझ्या पायावरून उठला आणि वडिलांच्या हातावर जाऊन बसला.

आणि संभाला नकाशाचा काही उपयोग नव्हता. भरती जवळ आली तसा त्याचा धीर सुटला. काडी पट्टीत बांधून तो पळायला गेला. अळी आत तुटली. पाय मांडीपर्यंत सुजला. सांगलीच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, ॲब्सेस झालाय, म्हणजे आत पू साठलाय. दोनदा चिरलं. जीव वाचला, गुडघा आखडला. पुन्हा तो पुरता वाकला नाही.

वडील बघायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, सांगायलाच हवं होतं. ते खाटेजवळ खाली बसले आणि वयानं एवढे मोठे असूनही, मुलीचा बाप म्हणून, त्या पोराच्या पायावर डोकं ठेवायला गेले. संभानं पाय ओढायचा प्रयत्न केला, पण तो हलेना. "मामा, आवं असं करू नका. तुमी चांगल्या मनानं पाजलं."

चांगलं मन पाणी गाळत नाही. याची हळहळ मला आजही वाटते.

माहेरी पायऱ्या बुजवून रहाट बसवायचं ठरलं, तर गाव आडवं आलं. विहिरीत देवाचा कोनाडा होता. वडिलांचं कुणी ऐकेना. शेवटी संभा काठी टेकत तिथं गेला, वरच्या पायरीवर बसला आणि पायजमा वर करून सगळ्यांना पाय दाखवला. दुसऱ्या दिवशी देव वर आणून बसवला आणि दगड टाकायला सुरुवात झाली.

पुढच्या उन्हाळ्यात तिथं पुन्हा नारू निघाले. लोक म्हणाले, बघा, उगाच पायऱ्या मोडल्या. ते आदल्या सालचं पाणी होतं, हे कोण समजून घेणार? त्यानंतर मात्र निघाला नाही. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. न झालेल्या आजाराची कोण आठवण काढतं?

एक संभा सोडून. तो शेतीतच राहिला. दर उन्हाळ्यात मी माहेराहून परतले की तो विचारायचा, "वैनी, यंदा कुणाला निघाला का?"

"न्हाई, भावजी."

"एकाला बी न्हाई?"

"एकाला बी न्हाई."

मग संभा तो पाय सरळ पसरून जेवायला बसायचा, आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खायचा.